बारीक आवाजाचं बटण

बायांनो, बोलतेय मी, आपल्या बिल्डिंगच्या बोर्डावर लावायला लिहून देतेय नात.

आमच्या दत्ताने स्टिरिओ आणल्यापासून, तो लावला की तासाभरात घरातल्या आम्हा बाकीच्यांची डोकी उठायची. आवाज लहान केला तरी झांजा कानात टोचायच्या. आज दुपारी मी एकेक बटण फिरवून पाहिलं. बारीक, किनऱ्या आवाजाचं बटण दत्ताने शेवटपर्यंत ठेवलेलं, ते अर्ध्यावर आणलं आणि सून म्हणाली, "आता झकास! दिवसभर ऐकेन."

तेवढ्यात दत्ता गिरणीतून आला. "झांजा कुठे गेल्या? वाट लावलीस ना आई!" म्हणत त्याने ते बटण शेवटपर्यंत पिळलं.

"वाजतायत की रे! माझे म्हातारे कान देऊ का उसने?"

तो हसला. मला मात्र पुढे हसू येईना. मी स्टिरिओ बंद केला आणि त्याच्या पाठीमागे हळूच किल्ल्या वाजवल्या. सून वळली, नात वळली. तो पाठमोरा घाम पुसत राहिला.

चौदा वर्षं गिरणीत कापड विणायच्या साच्यांच्या खडखडाटात उभा आहे तो. उद्या त्याला मुलुंडला कानाच्या डॉक्टरकडे नेतेय.

त्याच्या खात्यातले आणखी तिघे आपल्याच बिल्डिंगमध्ये राहतात. त्यांच्या बायकांनो, आज तुम्हीही मागून किल्ल्या वाजवून बघा. तुमचा माणूस वळला का गं?