खोक्याच्या फळ्यांचं दार

घरामागच्या दोन खोल्या भाड्याने द्यायची कल्पना सासूबाईंची. तारापूरला समुद्राकाठी वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं आणि बोईसर स्टेशनावर रोज नवी माणसं उतरत होती. मजूर झोपड्या बांधून राहत. पण सुपरवायझर, फिटर, आठ-पंधरा दिवसांसाठी आलेले साहेब यांना पाठ टेकायला जागा नव्हती. आमच्या त्या खोल्यांत पूर्वी भाताच्या कणग्या असायच्या. सासरे गेले, शेती कुळांकडे गेली, खोल्या रिकाम्या पडल्या. सासूबाईंनी हातातल्या पाटल्या पालघरला नेऊन मोडल्या आणि पैसे आमच्यापुढे ठेवले. म्हणाल्या, "यातच सगळं बसवा. दुसऱ्यांदा देण्यासारखं माझ्याकडे काही नाही."

तेव्हा माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. माझे यजमान पालघरच्या एका कचेरीत कारकून होते. कचेरीत ते दिवसभर मान खाली घालून बसायचे आणि घरी आले की मान वर करायचे. हे असं मी आज लिहू शकते. त्या वेळी मी एवढंच ओळखायची, की गाडीतून उतरून घरी येताना त्यांच्या चपलांचा आवाज कसा येतो त्यावरून संध्याकाळ कशी जाणार ते कळतं.

खर्च कुठे करायचा, यावरून पहिल्याच दिवशी आमचं बिनसलं. ह्यांना मुंबईहून आरशाचं कपाट आणायचं होतं. कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यात त्यांनी ते पाहिलं होतं, पूर्ण उंचीचा आरसा, कडेला वेलबुट्टी. "परगावचा माणूस खोलीत शिरला की पहिली नजर कपाटावर जायला हवी," ते म्हणाले. माझं म्हणणं वेगळं होतं. कामावरून आलेल्या माणसाला आंघोळीला पाणी पाहिजे, झोपायला नीट पिंजलेल्या कापसाची गादी पाहिजे आणि आपलं सामान आत ठेवून कामावर जाता येईल असं दार पाहिजे. आरशात तो बघणार किती वेळ?

उमरोळीचा एक म्हातारा सुतार चौकटी बसवायला आला होता. त्याने दोन्ही दारांसाठी सागाच्या फळ्या सांगितल्या. हे म्हणाले, "दाराला कशाला साग? तेवढ्यात कपाटाचं निघेल."

मी चहाचे कप घेऊन उभी होते. म्हटलं, "अहो, दारात काटकसर नको. कपाट मागाहून घेता येईल."

त्यांनी वळून माझ्या तोंडात मारली. कप खाली पडले, चहा माझ्या पायांवर सांडला. त्यांनी दुसऱ्यांदा हात उचलला आणि या खेपेला मूठ वळलेली होती. ती कानशिलावर बसली आणि मी चौकटीला धरून खाली बसले. मार मला नवा नव्हता. परक्या माणसासमोर खाल्लेला तो पहिला.

सुताराने रंधा खाली ठेवला. मग एकेक हत्यार पुसून तो पिशवीत भरू लागला.

"काय रे, काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"बाईवर हात टाकणाऱ्याच्या घरचं दार मी नाय बनवत," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. पिशवी खांद्याला लावून निघून गेला. अर्ध्या कामाचे पैसेही त्याने मागितले नाहीत.

त्यानंतर दारं झाली ती खोक्यांच्या फळ्यांची. वीजकेंद्राची यंत्रं परदेशातून मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून येत आणि ती मोडलेली खोकी बाजारात स्वस्त मिळत. पांढरं, हलकं लाकूड. नखाने ओरखडा उठायचा. ह्यांनी एका रिकामटेकड्या माणसाकडून त्या फळ्या ठोकून घेतल्या. एका दारावर काळ्या परदेशी अक्षरांचे ठसे तसेच राहिले होते. कपाट मात्र मुंबईहून रेल्वेने आलं, गवतात गुंडाळून, चार हमालांच्या खांद्यावरून. पहिल्या खोलीत ते उभं राहिलं तेव्हा ह्यांनी स्वतःच्या धोतराने आरसा पुसला.

पाणी भरायला आणि झाडलोटीला एक वारली बाई येऊ लागली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. पावसाळ्यात डोंगराकडच्या आपल्या तुकड्यात नाचणी-भात करायची आणि बाकीच्या महिन्यांत मिळेल ते काम. ती सगळ्यांना अरे-तुरे करायची, ह्यांनाही. ह्यांना त्याचा राग यायचा. मला मनातून बरं वाटायचं.

पहिले दोन-तीन पाहुणे साधे निघाले. मग एका ठेकेदाराकडचा सुपरवायझर आला. उत्तरेकडचा, धिप्पाड, हिंदी बोलणारा. त्याने कपाट पाहिलं आणि महिन्याचं भाडं आगाऊ देऊन टाकलं. त्या दिवशी ह्यांनी मला जेवताना विचारलं, "आता बोल. कोण बरोबर होतं?" मी त्यांच्या पानात भात वाढला.

तो माणूस कामावरच्या मजुरांना मारतो हे आम्ही ऐकत होतो. एकदा त्याच्या शर्टाच्या बाहीवर रक्त होतं. मी विचारायच्या आत तोच हसून म्हणाला, "मेरा नहीं है, भाभी." सासूबाई मला म्हणाल्या, "ह्याचा महिना भरला की ह्याला नको म्हणायचं." महिना भरायला आठवडा राहिला होता.

तो रविवार होता. हे घरी, ओटीवर वर्तमानपत्र वाचत बसलेले. मी मागच्या अंगणात उखळात मिरच्या कांडत होते. नाकातोंडाला फडकं बांधलं होतं, तरी डोळे गळत होते. वारली बाई कळशी घेऊन पहिल्या खोलीच्या मोरीत पाणी ओतायला गेली.

आधी कळशी पडल्याचा आवाज आला, मग तिचा. "सोड! सोड मला!" आणि मग भिंतीवर काहीतरी आपटल्याचा, दोनदा. मी उठेपर्यंत ती बाहेर धावत आली. कपाळावरून रक्त ओघळत होतं, लुगडं खांद्यावरून फाटलं होतं. मागून तो सुपरवायझर आला. त्याच्या नाकातून धार लागली होती. कळशी तिने त्याच्या तोंडावर हाणली होती, हे मला नंतर कळलं. ती शेजारच्या रिकाम्या खोलीत शिरली आणि तिने आतून कडी घातली.

तो दारावर लाथा घालू लागला. तिसऱ्या लाथेला मधली फळी उभी चिरली. पाचव्या लाथेला तिचा तुकडा आत पडला आणि माणसाचा हात जाईल एवढं भोक झालं. आतून ती ओरडत होती, आपल्या भाषेत, आईला हाक मारत होती.

"अहो!" मी ओरडले. "अहो, या लवकर!"

हे आले. वर्तमानपत्र हातातच होतं. दोन पावलं लांब उभे राहून म्हणाले, "साब, साब, जाने दो. नौकर लोग है."

त्याने मागे पाहिलंही नाही. कोपरापर्यंत हात भोकात घालून तो आतली कडी चाचपू लागला. गाल दाराला टेकलेला, डोळे मिटलेले, एखादी वस्तू माळ्यावर शोधावी तसा.

मुसळ माझ्या हातात होतं. ते मी खाली ठेवलंच नव्हतं. मी पुढे झाले आणि दाराबाहेर राहिलेल्या त्याच्या दंडावर दोन्ही हातांनी मुसळ घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी आयुष्यात तेव्हा एकदाच ऐकला. ओली काटकी मोडते तसा, पण माणसाच्या आतून आलेला. तो गुरासारखा ओरडला. मी पुन्हा मारलं. त्याची गरज नव्हती. तरी तिसऱ्यांदाही मारलं. मिरचीची पूड त्याच्या सोललेल्या कातडीत गेली होती आणि तो नाचल्यासारखा पाय आपटत होता. ते बघून मला आनंद झाला, हे मी लिहून ठेवते. माझा चेहरा त्या वेळी कसा दिसत असेल, याचा विचार पुढे कित्येक दिवस माझा पिच्छा सोडत नव्हता. कारण तसा एक चेहरा मी रोज खालून वर बघत होते.

त्याने हात ओढून काढला आणि दुसऱ्या हाताने मला ढकललं. मी उखळावर पडले. त्याची लाथ बरगडीत बसली आणि श्वासच बंद झाला. दुसरी लाथ पोटात. तेवढ्यात दार उघडलं. ती बाई बाहेर आली आणि मागून त्याच्या मानेला लटकली. दात त्याच्या खांद्यात रुतवून ती लोंबत राहिली. तिला झटकत, तोल जात तो आपल्या खोलीकडे धडपडला.

मग मी जे पाहिलं ते मला अजून खरं वाटत नाही. हे धावत त्याच्या आधी खोलीत शिरले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले. मी अंगणात पडले होते, तिथून मला दार आणि आतलं सगळं दिसत होतं. ते आरशापुढे उभे राहिले होते. "साब, आईना नहीं! साब, आईना नहीं!" असं म्हणत होते.

त्याने धड हाताने ह्यांची मानगूट पकडली आणि डोकं आरशावर आपटलं. काच खाली येण्याचा आवाज बराच वेळ चालला. ह्यांचा डावा कान अर्धा फाटून लोंबू लागला. तो माणूस मग पलंगावर बसला, मोडका हात मांडीवर घेऊन, आणि लहान मुलासारखा रडू लागला. त्याच्या ओळखीच्या लोकांना कोणीतरी कळवलं. ट्रक आला आणि त्याला घेऊन गेला.

दुपारी वारली बाईचा नवरा, भाऊ आणि आणखी तिघं आले. प्रत्येकाच्या हातात कोयता. अंगणातल्या चिंचेखाली ते एका ओळीत उकिडवे बसले. पाणी दिलं तेवढं प्यायले. चारच्या सुमाराला सुपरवायझरचे दोन सोबती जीपमधून त्याची ट्रंक न्यायला आले. त्यांनी तोंडातून शिवी काढली, मग चिंचेखाली पाहिलं. ट्रंक उचलली आणि गेले. पुन्हा त्यांच्यापैकी कोणी आमच्या गल्लीत आला नाही. पोलीसपाटलाने येऊन चौकशी केली, पण सुपरवायझरने तक्रार दिली नव्हती आणि बाईची तक्रार लिहून घ्यायला कोणी तयार नव्हतं.

डॉक्टरकडून कान शिवून हे परत आले तेव्हा मी काचा वेचत होते. वाकता येत नव्हतं, बसून सरकत वेचत होते. ते माझ्यासमोर उभे राहिले. "गिऱ्हाईक गेलं, आरसा गेला," ते म्हणाले. "तुला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला?" आणि त्यांनी मला मारलं, डोक्यावर, पाठीवर. हातातल्या काचा मुठीत गच्च धरल्या गेल्या आणि बोटांतून रक्त आलं.

सासूबाई दारात आल्या. हे मला मारत असताना त्या आजवर कधी मध्ये आल्या नव्हत्या. स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या. त्या दिवशी त्यांनी मुलाच्या हाताला धरलं नाही, त्याला रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "चाव्या दे."

"कसल्या चाव्या?"

"खोल्यांच्या. पाटल्या माझ्या होत्या. आता पुढचं ही ठरवेल."

ते बघतच राहिले. मग खिशातून चाव्या काढून त्यांनी त्या जमिनीवर टाकल्या आणि घरात गेले. सासूबाईंनी त्या उचलून माझ्या मांडीवर ठेवल्या. माझी मूठ त्यांनीच उघडली आणि एकेक काच काढली.

वारली बाई पुन्हा कामाला येईल असं मला वाटलं नव्हतं. पण ती दहाव्या दिवशी आली. कपाळावर पाला बांधलेला. माझ्या बरगड्या अजून दुखत होत्या, म्हणून मी बसून भांडी लावत होते. ती माझ्यासमोर येऊन बसली.

"बाई," ती म्हणाली, "माज्यासाटी तू मुसळ घेतलंस. तुजा नवरा तुला मारतो, तवा का नाय घेत?"

मी म्हटलं, "तो माझा नवरा आहे."

"मंग?" ती म्हणाली. खरंच विचारत होती, टोमणा नव्हता. मी पुढचं भांडं उचलून लावलं. ती कळशी घेऊन उठली.

खोल्या मी पुन्हा मांडल्या. कपाटाची फ्रेम विकली, पलंगावरची मच्छरदाणी ठेवली. दारं पालघरच्या दुसऱ्या एका सुताराकडून सागाची करून घेतली, आतून लोखंडी अडसर. दोन्ही मोऱ्यांना बाहेरून पाणी ओतायची सोय केली, म्हणजे काम करणाऱ्या बाईला खोलीत जायला नको. पडदे जुन्या लुगड्यांचे. खुर्च्या ज्या मिळाल्या त्या, एक दुसरीशी जुळत नव्हती. पाहुण्याला निवडताना मी त्याच्या हातांकडे आधी बघायची. पुढे वीजकेंद्राच्या दवाखान्यातल्या दोन नर्स सलग तीन वर्षं राहिल्या. त्यांना पडदे आवडायचे.

ह्यांनी त्यानंतर माझ्यावर हात टाकला नाही, असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. दोनदा टाकला. पहिल्या वेळी मी गप्प बसले. दुसऱ्या वेळी कारण काय होतं ते आठवत नाही. भाजीत मीठ असेल किंवा कचेरीत कोणी काही बोललं असेल. हात वर गेला आणि मी उठून उभी राहिले, मनगट धरलं. धरूनच ठेवलं. त्यांच्या मनगटात मला वाटलं होतं तेवढं बळ नव्हतं. इतकी वर्षं मी ते कधी धरून पाहिलंच नव्हतं. त्यांचा फाटलेला कान लाल झाला. "सोड," ते म्हणाले. मी सोडलं. त्यांनी चपला घातल्या आणि स्टेशनकडे निघून गेले. संध्याकाळच्या गाडीने परत आले, पाटावर बसले. मी ताट वाढलं. त्यांनी खाली बघून जेवण केलं आणि ताट स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवलं.