सत्ताविसावा ट्रक

त्या सकाळपर्यंत मी युद्धात एकूण सव्वीस ट्रक उडवले होते, आणि ते सगळेच्या सगळे आपल्या बाजूचे होते.

हे लिहावं की लिहू नये, यावर मी बरेच दिवस विचार केला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे घिवलीत लोक माझ्याकडे जरा आदराने बघतात. (बघत, असं म्हणायला हवं.) कुणाला इंग्रजीत कागद आला की माझ्याकडे, रेडिओ बंद पडला की माझ्याकडे, शेळीचं पोट फुगलं तरी माझ्याकडेच! मी बी.एस्सी. करतोय म्हणजे मला सगळं कळतं, असा गावाचा समज होता. तो दूर करायला मला एक सकाळ पुरली.

सुरुवात अभिजितच्या वडिलांनी केली. अभिजित हा माझा पालघरच्या कॉलेजातला मित्र. तो वीजकेंद्राच्या कॉलनीत राहायचा आणि त्याच्याकडे टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम होता. सहामाही परीक्षा तोंडावर आली तेव्हा त्याच्या वडिलांनी तो उचलला, पिशवीत घातला आणि माझ्या हातात दिला.

"सुनील, परीक्षा होईपर्यंत हे तुझ्या घरी ठेव. तू अभ्यासू मुलगा. तुझ्याकडे हे सुरक्षित राहील."

गेम सुरक्षित राहिला. बाकी काही राहिलं नाही.

मी दोन दिवस त्या पिशवीला हात लावला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. तिसऱ्या दिवशी 'ही वस्तू नेमकी कशी चालते' एवढंच बघावं म्हटलं. शेवटी मी विज्ञानाचा विद्यार्थी! त्यात एक लढाऊ विमान होतं. इतर विमानं आकाशात एकमेकांशी लढतात. हे तसं नव्हतं. हे झाडांच्या शेंड्यांना घासत जायचं आणि खाली जमिनीवर जे काही दिसेल त्याचा चुराडा करायचं. नाकात तोफ, पंखांखाली रॉकेटं, पोटात बॉम्ब. आमच्या घरात तोवर सगळ्यात घातक हत्यार म्हणजे आयेची विळी!

विमानाबरोबर एक इंग्रजी पुस्तिका होती. ती मी शब्दकोश घेऊन पूर्ण वाचली, महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारल्या. नियम सोपा होता. हिरवे ट्रक आपले, तपकिरी ट्रक शत्रूचे.

आमचा टीव्ही काळा-पांढरा होता.

त्यावर सगळेच ट्रक राखाडी! समोरून ट्रक आला की मी विचारात पडायचो. आपला असेल का? उगाच कशाला एखाद्याचा जीव घ्या? तेवढ्यात तो शत्रूचा निघायचा आणि मला पाडायचा. मग मी धोरण बदललं. आधी बॉम्ब, मग विचार. तेव्हापासून प्रत्येक ट्रक आपलाच निघू लागला. शिवाय टीव्हीचा स्पीकर गणपतीपासून फुटलेला, म्हणजे चित्र आहे पण आवाज नाही. माझं सगळं युद्ध मुकं चाललं होतं. आपला ट्रक उडाला की मोठा आवाज होतो असं पुस्तिकेत लिहिलं होतं, पण कसला आवाज, ते कळायला मार्ग नव्हता.

आता बाबांबद्दल सांगतो. बाबा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात हेल्पर. घिवली अणुवीजकेंद्राच्या कुशीत असल्यामुळे गावात अधूनमधून आणीबाणीचा सराव होतो. भोंगा वाजला की सगळ्यांनी घरात जायचं, दारं-खिडक्या लावायच्या, अन्नपाणी झाकायचं. (वीज आमच्या शेजारी तयार होते आणि आमच्या डोक्यावरून मुंबईला जाते. आम्हाला भोंगा मिळतो.) या सरावासाठी बाबांना गावाचे स्वयंसेवक म्हणून नेमलं होतं. दंडाला बांधायचा नारिंगी पट्टा आणि एक शिट्टी. आयुष्यात मिळालेला हा पहिलाच मान, म्हणून बाबा तो पट्टा गादीखाली घडी घालून ठेवत.

पण मागच्या सरावाला फजिती झाली. भोंगा वाजला आणि अख्खा गाव घरात जायच्या ऐवजी रस्त्यावर आला, भोंगा कुठे वाजतोय ते बघायला! काहींनी तर पोरांना खांद्यावर घेतलं होतं. त्यात मंडळाच्या पोरांनी तिसऱ्याच मिनिटाला कर्ण्यावरून 'सराव संपला, क्रिकेटला चला' असं जाहीर केलं. सराव तपासायला जीपमधून आलेले साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "दामोदर, झेपत नसेल तर पट्टा परत करा. पुढच्या वेळी शेवटची संधी."

बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

म्हणून या वेळी ते महिनाभर आधीपासून घरोघर फिरत होते. वर-खाली होणारा भोंगा धोक्याचा, एकसारखा लांब भोंगा सुटकेचा, असं समजावत होते. शेजारची गोमीबाय म्हणाली, "मला मेलीला आयकूच कमी येतं दामू, त्यात वर काय न खाली काय?"

त्या रात्री बाबांचा उतरलेला चेहरा बघून मी एक उपाय सुचवला. (माझं शिक्षण इथे उपयोगी पडलं.)

"बाबा, लोकांना आवाज ओळखायला लावू नका. मोजायला लावा. पहिला भोंगा, आत. दुसरा भोंगा, बाहेर. मधे कर्ण्यावर कुणी बोललं, दारात कुणी आलं, तरी दार उघडायचं नाही."

बाबा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मला तिथेच डिग्री मिळाली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक ओटीवर बसून त्यांनी हा नियम पाठ करून घेतला आणि प्रत्येक घरी शेवटी म्हणाले, "आमच्या सुन्यानं काडलाय. याला म्हनतात शिकलेला मानूस!"

सरावाचा दिवस उजाडला. भोंगा अकराला होता. मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर आमच्या घरात आणून ठेवला होता, कर्णा बाहेर माडावर. पावणेअकराला 'आज सराव आहे' एवढं वाक्य मी माईकवर वाचायचं होतं. बाबा पट्टा बांधून साहेबांना आणायला एस.टी.च्या थांब्यापाशी गेले, आये अंगणात बोंबील वाळत घालत होती, आणि मी पावणेअकराची वाट बघत अ‍ॅम्प्लिफायरसमोर बसलो. वाजले होते दहा.

एका बाजूला मुका टीव्ही. दुसऱ्या बाजूला अ‍ॅम्प्लिफायर. मध्ये फिजिक्सचा विद्यार्थी. आता तुम्हीच सांगा!

मी गेमच्या आवाजाची वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. आवाज घरातल्या छोट्या खोक्यातूनच यावा, कर्ण्यातून नको, याची खात्रीही केली. कर्ण्याचा लाल दिवा लागला नव्हता, म्हणजे कर्णा बंद. विज्ञान असंच सांगतं. (दिवा दोन वर्षांपूर्वीच उडालाय, हे मंडळाच्या पोरांनी सांगायला हवं होतं.)

विमान उडालं. समोर ट्रक आला. मी बॉम्ब टाकला.

आणि भोंगा वाजला! आपल्या तळावर हल्ला झाल्याचा इशारा होता तो. वर-खाली, वर-खाली, काळीज हलवणारा. मी तर थक्कच झालो. काय ती कला, काय तो जिवंतपणा! अगदी गावात वाजतोय असं वाटत होतं.

धाडकन दार लागलं. आये आत आली, तिने खिडकी लावली, पाण्याच्या हंड्यावर ताट ठेवलं, भातावर ताट ठेवलं आणि पदराने तोंड झाकून माझ्यासमोर बसली.

"आये, काय करतेस?"

"भोंगा झाला ना!"

"कुठे?"

"कुठं म्हंजे? भायेर! आपल्याच माडावर!"

मी वायर उपटली, माईक उचलला, "ग्रामस्थहो, चूक झाली" एवढं म्हणायला तोंड उघडलं, आणि वीज गेली.

मी दाराकडे धावलो. आये कडीला पाठ लावून उभी. "दुसरा भोंगा कुठं झाला?"

"अगं, पहिलाही झालेला नाही!"

"मला नको शिकवू! तुजाच नियम हाय!"

शेवटी मी मागच्या खिडकीतून उडी मारली. गल्लीत चिटपाखरू नाही. मी गोमीबायचं दार वाजवलं.

"गोमीबाय, दार उघडा! मी सुन्या!"

"तू सुन्या अस नायतर साहेब अस! दारात कुनी आला तरी उघडायचं नाय!" (आणि म्हणे हिला ऐकू कमी येतं!)

सात दारं वाजवली. सातही घरांतून मला माझाच नियम, न चुकता, ऐकवण्यात आला. इतके हुशार विद्यार्थी कुठल्याही प्राध्यापकाला लाभले नसतील.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला बाबा दिसले. भोंगा ऐकून त्यांना वाटलं होतं, आपलं घड्याळ मागे पडलं. धावत आले होते, आणि आता मात्र सावकाश चालत होते. एकेक बंद दार बघत. त्यांचे डोळे भरले होते.

"बघ सुन्या," ते कुजबुजले, "कुत्रासुदा नाय रस्त्यावर."

"बाबा, मला एक सांगायचंय..."

"आता येऊ दे साहेबाला! बघू दे आमचा गाव!"

"बाबा, ते विमान..."

"इमान कसलं? गप बघ. असं परत दिसायचं नाय."

बाबांना इतकं खूश मी माझ्या बारावीच्या निकालालाही बघितलं नव्हतं. मी भित्रा आहे, हे मान्य करतो. आम्ही दोघं त्या रिकाम्या गल्लीतून पार अकरा वाजेपर्यंत फिरलो.

अकराच्या ठोक्याला समोरून साहेबांची जीप वळली आणि वीजकेंद्राचा खराखुरा भोंगा वाजला.

धोक्याचा भोंगा! गावाच्या हिशेबात मात्र दुसरा.

एका क्षणात सगळी दारं उघडली. तासभर कोंडलेली माणसं 'सुटलो रे' करत बाहेर पडली. पोरं नाचू लागली. गोमीबाय तर जीपसमोर येऊन साहेबांना म्हणाली, "कसं वाटलं? येक जन भायेर नव्हता!" बाबा मधोमध उभे राहून शिट्टी फुंकत होते. त्या शिट्टीवर पोरांनी ताल धरला.

साहेब जीपमधून उतरले. "दामोदर, हे काय आहे?"

बाबांचा हात आपोआप पट्ट्याच्या गाठीकडे गेला. ते बघून मात्र मला राहवलं नाही.

"सर, चूक माझी आहे. मी विमान चालवत होतो."

"कुठलं विमान?"

"जमिनीवर हल्ला करणारं, सर. आपल्याच ट्रकवर बॉम्ब पडला."

साहेबांनी खिशातून पेन काढलं होतं, ते परत ठेवलं. मी सगळं सांगितलं. हिरवे, तपकिरी, राखाडी, लाल दिवा, सगळं. सांगून होतंय तोच लांब, एकसारखा भोंगा सुरू झाला. सराव संपला होता.

गाव क्षणभर थांबला. गोमीबायने बोटं मोजली. "येक आत, दोन भायेर... तीन म्हंजे परत आत! चला रे!"

धडाधड दारं लागली.

साहेब रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिले. "दामोदर, तुमच्या गावाला शिस्त आहे. फक्त उलटी आहे." मग त्यांनी मला विचारलं, "आता हे लोक बाहेर कधी येणार?"

"चौथा भोंगा झाला की, सर."

"आज आणखी भोंगा नाही."

बाबांनी पहिल्यांदाच माझ्याकडे रोखून बघितलं. "आत जा," ते म्हणाले, "न आपला एक ट्रक उडव."

तोवर वीज आली होती. (साहेब आले की ती येते.) आम्ही तिघं मागच्या खिडकीतून घरात शिरलो, कारण आयेने दार उघडलं नाही. साहेबांची पँट खिळ्याला अडकली, ती त्यांनी स्वतःच सोडवली. मी वायर जोडली आणि विमान उडवलं.

पहिला ट्रक. शत्रूचा! दुसरा, शत्रूचा! सत्तावीस वेळा न चुकता आपल्यांना मारणारा मी, आणि त्या दिवशी माझा प्रत्येक बॉम्ब शत्रूवर पडत होता. पूल उडाला, रणगाडे उडाले, दारूगोळ्याचं कोठार उडालं. मला पदक मिळालं!

"काय करतस रे!" बाबा ओरडले. "लोकं कोंडलीत तिकडं!"

"बाबा, होत नाहीये!"

"दोन वर्सं कालेजात जातस, न आपला एक ट्रक उडवता येत नाय?"

"सरका," साहेब म्हणाले आणि मांडी घालून माझ्या जागी बसले. कुठलं बटण, काय, हेसुद्धा त्यांनी नीट ऐकून घेतलं नाही. समोरून ट्रक आला. साहेबांनी बॉम्ब टाकला.

पहिल्याच बॉम्बला माडावर भोंगा वाजला. बाहेर धडाधड दारं उघडली.

साहेबांनी हात झटकले, इकडेतिकडे बघितलं आणि तिथेच बसून अहवाल लिहिला : 'ग्रामस्थांनी प्रत्येक भोंग्याला तत्काळ प्रतिसाद दिला.' आत की बाहेर, ते त्यांनी लिहिलं नाही. पट्टा बाबांकडेच राहिला.

जीप गेल्यावर बाबांनी तो सोडला, घडी घातली आणि गादीखाली ठेवला. मग टीव्हीच्या काळ्या पडद्यासमोर येऊन बसले.

"पहिल्या फटक्यात रे," ते म्हणाले. "पहिल्या फटक्यात आपला ट्रक! याला म्हनतात शिकलेला मानूस."

माझ्या डिग्रीला अजून एक वर्ष बाकी आहे.