साहेबिणीची ओटी

बी.ए.ला अमेरिकेचा इतिहास घेतला होता. तेवढ्या बळावर मी दोहात स्वतःला त्या देशाची जाणकार समजत होते. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटवर बायका चहाला जमल्या की मी त्यांना सिनेट समजावून सांगायची. तिथे खोटं बोलणाऱ्या अध्यक्षालाही खुर्ची सोडावी लागते, हे तर अशा थाटात, की जणू त्याला मीच घरी पाठवलं होतं. शेजारची वसईची नर्स ड्यूटीवरून येऊन टाचा चोळत बसलेली असायची. ती म्हणायची, "बाय, ते राहू दे. पाण्याचा टँकर कधी येणार ते सांग."

आमच्या ह्यांचा साहेब टेक्सासचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, मला नावाने हाक मार. ह्यांना ते जन्मात जमलं नाही, मी मात्र भाळले. एका पार्टीत साहेब म्हणाला, तुम्ही आमच्या घरचेच. मी ते वाक्य महिनाभर पुरवून पुरवून वापरलं.

त्या संक्रांतीला साहेबाच्या बायकोला हळदीकुंकवाला बोलावलं. ती पँट घालून आलेली, त्यामुळे पदराचा प्रश्न होता. तिने शर्टाचा घोळ पुढे धरला आणि मी त्यात खण, तांदूळ, नारळ घातला. याचा अर्थ काय, असं तिने विचारलं. आजपासून तू या घरची लेक, असं मी ठेवणीतल्या इंग्रजीत सांगितलं. तिने मला मिठी मारली, डोळे पुसले. रात्री मी ह्यांना म्हटलं, आता तुमच्या नोकरीला धक्का नाही.

"कंपनी काय तुझ्या माहेरची आहे?" हे म्हणाले.

पुढे तेलाचे भाव पडले आणि कंपनीत माणसं कमी करायला लागले. ह्यांचं जेवण तुटलं. मुलगा दहावीत. वर्षाच्या मध्येच गाशा गुंडाळायचा तर त्याला कुठल्या शाळेत घालायचं? मी ठरवलं, साहेबिणीकडे जायचं. ओटी घेतलेली बाई, शब्द टाकेलच. हे नको म्हणत असताना एका शुक्रवारी बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन टॅक्सीत बसले. वाटेत इंग्रजी वाक्यं घोकत होते.

त्यांच्या व्हिलाच्या अंगणात सोफा, दिवे, इस्त्री मांडलेली, प्रत्येकावर किमतीची चिठ्ठी. साहेबीण हसत पुढे आली. कंपनीने साहेबालाच बुधवारी सांगितलं होतं, आठवड्याभरात निघा म्हणून.

घोकलेली वाक्यं राहिली बाजूला. आता कुठे जाणार, विचारलं, तर अजून ठरलं नव्हतं. मी विचारलं, "राग नाही येत?"

"कशाचा? धंदा आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे सगळे असेच निघतात. माझी आजीही अशीच निघाली होती."

अमेरिकेतली माणसं बिऱ्हाड उचलून पश्चिमेकडे निघाली, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तिथे त्याला धाडस म्हटलं होतं. त्या अंगणात उभं राहून पाहिलं तर ती सवय वाटली. हरलेला अध्यक्ष ठरल्या दिवशी मुकाट्याने घर रिकामं करतो, हे मी बायकांना केवढ्या कौतुकाने सांगायची. त्या घरातही कुणीतरी बाई भांडी कागदात गुंडाळत असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने सोफ्यावर ठेवलेला माझा डबा उचलून किंमत विचारली. तिने तो त्याच्या हातातून काढून घेतला. "हा विकायचा नाही. घरून आलाय." म्हणजे साहेब घरचे म्हणाला ते खोटं नव्हतंच. त्या शब्दाला त्यांच्याकडे काही बांधलेलं नसतं, एवढंच. मी मात्र त्याला ह्यांची नोकरी बांधून मोकळी झाले होते.

मी का आले, हे तिने ओळखलं असावं. निघताना म्हणाली, "तुझा नवरा नोकरीवर राहतोय. त्याचा पगार आमच्याहून कमी आहे ना." हे सांगताना तिला संकोच वाटला नाही, आणि मला राग कुणाचा धरावा ते कळेना.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे उठून हात धुवून आले. मग म्हणाले, "म्हणजे आता साहेबाचंही काम माझ्याच गळ्यात." आणि ताटावर बसले. कित्येक दिवसांनी पोटभर जेवले, वर भात मागून घेतला. मी वाढत होते. माझं ताट तसंच होतं; डोळ्यांपुढून ते किमतीच्या चिठ्ठ्यांचं अंगण जात नव्हतं.