डेप्युटी घर बघायला येतात तेव्हा

सरकारी मदतीवर शिकलेल्या माणसाजवळ दुसरं काही साठो न साठो, किस्से मात्र साठतात. फॉर्म भरताना एक, दाखला आणताना दुसरा, आणि चौकशीला साहेब घरी आले की तिसरा हमखास! मुरूडला आमच्या शिक्षणखात्याच्या ऑफिसात तर भिंतींनाही किस्से पाठ असतील.

कारण तिथे सबनीस डेप्युटी होते. मुंबईला कॉलेजात जाणाऱ्या गरीब पोरांना तेव्हा आमचं संस्थान मदत देई. अट अशी, की उन्हाळ्याच्या सुट्टीत परत यायचं आणि खात्यात लेखनिकाचं काम करायचं. पण मदत मंजूर होण्याआधी सबनीस साहेब स्वतः घरी येणार, मुलगा खरोखर गरीब आहे की नाही ते बघणार आणि रिपोर्ट लिहिणार.

आता आमच्याकडची माणसं कशी? साहेब घरी येणार म्हटल्यावर कुणी फाटकं नेसून बसेल होय! शेजारपाजारहून तांबं-पितळ आणायचं, सतरंजी आणायची, घर झोकात सजवायचं. मदत मागायची गरिबीच्या नावावर आणि दाखवायचा थाट!

साहेब म्हणायचे, "गरिबी विचारायची नसते रे. बघायची असते. तीही माणसाचं लक्ष नसताना."

*

माझ्याच घरचं सांगतो. आमची थोडी भातशेती, तीही दुसऱ्याची. साहेब येणार म्हणून बाबांनी शेजारच्या रामभाऊंची बैलजोडी आणून दारात बांधली. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं!

साहेब आले. पाणी प्याले, बाबांशी भातापाण्याचं बोलले. बैलांबद्दल चकार शब्द नाही. ते गेल्यावर मी बाबांवर इतका चिडलो, की रात्री जेवलो नाही. वाटलं, गेलं कॉलेज!

मदत तर मिळाली. का मिळाली, ते मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं. ऑफिसात जुने कागद लावताना माझाच रिपोर्ट हाती आला. त्यात होतं : "दारात उत्तम बैलजोडी आहे. मी होतो तोवर दोन्ही बैल शेजारच्या गोठ्याकडे तोंड करून उभे होते. मदत द्यावी."

तो कागद वाचून मी रडलो. सांगायला लाज कसली?

*

याच्या उलटही माणसं असत. एका बड्या बागाईतदाराने पोरासाठी अर्ज केला. नारळाच्या दोन वाड्या, आणि चौकशीच्या दिवशी गृहस्थ ठिगळाच्या धोतरात! घर धुऊन काढल्यासारखं रिकामं. पुढ्यात आला तो काळा चहा.

"दूध परवडत नाही साहेब," गृहस्थ म्हणाले. आवाज अगदी रडवेला.

तेवढ्यात माजघरातून एक मांजर डुलत डुलत आलं आणि साहेबांच्या मांडीवर बसलं. साहेबांनी खिशातून प्रवासातल्या भाकरीचा तुकडा काढून त्याच्यापुढे धरला. मांजराने हुंगला आणि मान फिरवली.

साहेब उठले. बाहेर येऊन, लेखनिक म्हणून बरोबर आलेल्या मला म्हणाले, "लिही. अर्जदार गरीब असेल. मांजर नाही!"

*

त्या उन्हाळ्यात माझ्याबरोबर कामाला हरी होता. काशीदच्या कोळीवाड्यातला. वडील म्हाताऱ्या तांडेलाच्या होडीवर खलाशी. कोळीवाड्यातून कॉलेजात गेलेला हा पहिलाच पोरगा! दोन वर्षं मदतीवर झाली होती, आता शेवटचं वर्ष. मदत मिळाली तर बी. ए., नाही तर वडिलांच्या शेजारी होडीवर. मधला रस्ता नव्हता.

हरीचा इंग्रजी निबंध कच्चा. साहेबांनी त्याला कोपऱ्यातलं टेबल दिलं आणि समोर फायलींऐवजी त्याचीच पुस्तकं ठेवली. "हे तुझं काम. दहा ते पाच."

एकदा वरचे अधिकारी अचानक तपासणीला आले. हरी पुस्तकात बुडालेला!

"हा मुलगा काय करतोय?" त्यांनी दरडावून विचारलं.

"खात्याची मालमत्ता दुरुस्त करतोय," साहेब म्हणाले.

"कुठली मालमत्ता?"

"डोकं, साहेब. दोन वर्षं खर्च खात्यानेच केलाय!"

अधिकारी हसले आणि पुढच्या टेबलाकडे वळले. आम्ही मात्र संध्याकाळपर्यंत हरीला 'मालमत्ता' म्हणून हाक मारत होतो.

*

मग तो निनावी अर्ज आला. कुणीतरी कळवलं होतं, की हरीची आई एका लग्नात सोन्याने मढलेली पाहिली, तेव्हा यांना मदत कसली? सोनं अर्थातच उसनं होतं. पण अर्ज थेट मामलेदारांकडे गेला, आणि मामलेदार कडक माणूस. म्हणाले, "या घराची चौकशी मी स्वतः करणार. डेप्युटींनी बरोबर यावं."

आधी वर्दी देऊन घर साधं ठेवायला सांगणं साहेबांच्या तत्त्वात बसत नव्हतं. माझ्या बसत होतं! रविवारी मी काशीद गाठलं.

"काकी, मामलेदार येतायत. घर आहे तसंच राहू द्या. अंगावर काही घालू नका."

हरीची आई माझ्याकडे बघतच राहिली. "म्हंजी? येवढा सायेब दारात येनार आन मी उघड्या हातांनी उभी राऊ? लोकं काय म्हंतील? हरीची आय कोन हाय ती सायबाला बगू दे!"

मी हात जोडले, गळ्याची शपथ घातली. काही उपयोग नाही. हताश होऊन निघालो, तर मागून हाक आली.

"आरं, तुज्या आयशीच्या पाटल्या हायेत का? येताना आनशील?"

*

आणि तो दिवस उजाडला. मामलेदार, सबनीस साहेब आणि कागद घेऊन मी. हरी दाराशी उभा, चेहरा पांढरा पडलेला. ओटीवर नवी सतरंजी, चांदीचा तांब्या, आणि मामलेदारांना बसायला काशीदमधली एकुलती एक खुर्ची. ती म्हाताऱ्या तांडेलाची.

काकी बाहेर आली. नथ, पुतळ्यांची माळ, गोठ, पाटल्या, बुगड्या! मागे कोळीवाड्यातल्या सात-आठ बाया दाटीवाटीने उभ्या. एकीचं लक्ष माळेवर, दुसरीचं गोठांवर, कुणाचंच मामलेदारांकडे नाही.

मामलेदारांनी अर्जाचा कागद उघडला. "बाई, हे सगळं तुमचंच ना?"

हो म्हणावं तर पोरगा होडीवर. नाही म्हणावं तर आख्ख्या वाड्यासमोर मान खाली. काकीने एकदा हरीकडे पाहिलं, एकदा मागच्या बायांकडे. हरीने डोळे मिटून घेतले.

"मामलेदारसाहेब, आधी अंगठा घेऊ," सबनीस साहेब मध्येच म्हणाले. "बाई, सरकारी कागदावर अंगठा उठवताना अंगावर सोनं चालत नाही. तेवढं काढून ठेवा."

"हा नियम कधी झाला?" मामलेदारांनी भुवया उंचावल्या.

"नवा आहे," साहेब म्हणाले.

सगळे नियम त्या सुट्टीत मीच हाताने उतरवून काढले होते. असा नियम त्यात नव्हता!

काकीने एकेक दागिना काढला आणि समोरच्या सुपात ठेवला. मी शाईची डबी पुढे केली. तिने अंगठा उठवला. सूप तसंच ओटीच्या मधोमध पडलेलं.

शेजारणीला राहवेना. ती वाकली. "माजी पुतल्यांची माल घेते गो. पोरं पायाखाली घालतील."

मग दुसरी आली, तिने गोठ उचलले. तिसरीने नथ आणि बुगड्या. चौथीने पाटल्या, आणि जाता जाता चांदीचा तांब्याही. एकीने मला बाजूला सरकवून सतरंजीची गुंडाळी केली. काकीच्या अंगावर काळे मणी आणि हिरव्या काचेच्या बांगड्या राहिल्या, आणि ती ताठ उभी होती.

शेवटी म्हातारा तांडेल हळूच येऊन मामलेदारांच्या खुर्चीमागे उभा राहिला.

मामलेदारांनी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. मग रिकाम्या सुपाकडे. मग सबनीस साहेबांकडे, तर ते छपराचे वासे मोजत होते.

मामलेदार खुर्चीतून उठले. कागद भिंतीला टेकवला, आणि उभ्या उभ्याच मंजुरीची सही केली.