उसाची दुर्बीण आणि दोन प्रवाळ

शहादेव मिसाळ हे गेवराईकडील एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे होते. तोडणीपूर्वी उसाच्या रसाचे दोन थेंब एका आखूड नळीच्या काचेवर ठेवायचे, ती उजेडाकडे धरून डोळा लावायचा आणि गोडीचा आकडा सांगायचा, हे त्यांचे काम. शेतकरी त्या नळीस 'दुर्बीण' म्हणत. आकडा भरला नाही म्हणून एका संचालकाच्या उसाची तोडणीही त्यांनी पुढे ढकलली होती. निवृत्तीच्या वेळी कारखान्याने तीच दुर्बीण त्यांना भेट दिली.

२०१६ च्या उन्हाळ्यात उसाअभावी कारखाना बंद होता. बीडमधील आमच्या गल्लीत आठवड्याला एकदा टँकर येई, आणि शहादेवरावांच्या बैठकीत मात्र साठ लिटर समुद्र होता. कोकणातील एक मत्स्यालय पाहून आल्यावर त्यांनी ही काचेची टाकी दिवाळीत, नळाला पाणी असताना, मीठ कालवून भरली होती.

शेजारचे बंकट म्हणाले, "आमी टँकरची वाट बघून मेलो, आन् तुमी समुद्रच आणला की घरात!"

उष्म्याने रोज दोन लिटर पाणी उडे, मीठ मात्र मागेच राही. तेवढे जारचे गोडे पाणी टाकीत घालता यावे म्हणून शहादेवराव आंघोळ एका तांब्यात उरकत. पत्नी कौशल्याबाईंची अट स्पष्ट होती: प्रवाळ अक्षय्य तृतीयेपर्यंत उमलले नाहीत, तर टाकी रिकामी करायची.

सणाच्या चौदा दिवस आधी पुण्याहून दोन मऊ प्रवाळ आले. शर्टाच्या बटणांएवढ्या तोंडांचे. पिशव्या टाकीत तरंगत ठेवून, त्यांत टाकीचे पाणी थेंबाथेंबाने मिसळून, शहादेवरावांनी ते दगडावर बसवले. एक-दोन दिवसांत उमलावयास हवे होते. आठ दिवस बटणे मिटलेलीच राहिली.

"लई दिस झाले, तुमचा दगड उघडंना," कौशल्याबाई म्हणाल्या.

"दगड न्हाई, जीव हाय त्यो."

"मग इचारा की त्याला, कावून रुसलाय."

त्यांनी दिवा पाहिला, पंखा पाहिला, पाण्याचे तापमान पाहिले. क्षाराचा आकडा रोज साडेतीन टक्के, समुद्रात असतो तेवढाच. तो दुर्बिणीचा होता, म्हणून त्याबद्दल त्यांना शंका नव्हती.

मी विचारले, "शहादेवराव, या दुर्बिणीने आपण पूर्वी कधी मीठ मोजले होते काय?"

 उठून त्यांनी तराजूवर पस्तीस ग्रॅम मीठ तोलले, पाणी घालून बरोबर एक किलो द्रावण केले आणि त्याचा थेंब काचेवर ठेवला. साडेतीन दिसावयास हवे होते. रेषा चारच्या पुढे गेली. दुर्बीण साखरेसाठी आखलेली होती. मिठाचा हिशेब तिला ठाऊक नव्हता. म्हणजे तिच्यावर साडेतीन दाखवणारे टाकीचे पाणी प्रारंभापासूनच अळणी होते.

"साऱ्या तालुक्याचा ऊस मोजला," कौशल्याबाई म्हणाल्या, "आन् घरचं मीठ चुकलं!"

एकदम मीठ टाकले असते तर प्रवाळ दगावले असते. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी ते रोज गोड्याऐवजी खारे पाणी घालू लागले. सहाव्या दिवशी रेषा द्रावणाच्या खुणेवर आली. तो दिवस अक्षय्य तृतीयेचा होता.

सकाळी कौशल्याबाई पितरांसाठी मातीचा घट भरून बैठकीतून चालल्या होत्या. टाकीपाशी त्या थांबल्या. चार बटणे उघडली होती. हिरवी, कडेने बारीक झालर असलेली. शहादेवराव शेजारी उभे होते.

त्या घट ठेवून आत गेल्या आणि जारमधील पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"आज ह्यास्नी गोडं घालायचं का खारं?"

"आजपास्नं गोडं," शहादेवराव म्हणाले.