ईस्ट कोस्टवरचा तंबू

लेक तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. आम्ही परदेशात, बेटाएवढ्याच एका देशात, बुकित पंजांगला राहत होतो. मी वन-नॉर्थला एका सॉफ्टवेअर कंपनीत होते आणि नवरा मालवाहू बोटीवर चीफ ऑफिसर. महिनोन् महिने बाहेर असायचा. सुट्टीवर आला की सुरुवातीचे दिवस लेक त्याच्याशी पाहुण्याशी वागावं तशी वागायची. तो मराठीत विचारणार, ती इंग्रजीत उत्तर देणार, तेही माझ्याकडे बघून.

त्या जूनमध्ये शाळेने मुलांना सुट्टीत इंग्रजांच्या काळातल्या जागा बघून यायला सांगितलं होतं. नवऱ्याने ते फारच मनावर घेतलं.

"गाडी भाड्याने घेऊ, तंबू घेऊ. मस्त रोड ट्रिप करू."

"अरे, या बेटावर कसली रोड ट्रिप? तासाभरात रस्ता संपून समुद्र लागतो."

"मग हळू चालव," तो म्हणाला.

चालवायचं मलाच होतं. एवढी मोठी बोट हाकणारा माणूस शेजारी बसून "आता उजवीकडे, सावकाश," असं सांगत होता आणि मागे धपाट्यांचा डबा मांडीवर घेऊन लेक गाल फुगवून बसली होती.

आधी क्रांजीच्या युद्धस्मारकावर गेलो. टेकडीवर हिरवळ आणि ओळीने थडग्यांचे पांढरे दगड. कोवळ्या वयाच्या पोरांचे. भिंतींवर हजारो नावं कोरलेली. नवरा त्यात आपल्याकडची आडनावं शोधत राहिला. एक-दोन सापडली, तेव्हा त्या अक्षरांवर बोट ठेवून नुसता उभा राहिला. लेकीला ऊन लागत होतं. "मम्मी, कॅन गो ऑलरेडी ऑर नॉट?" असं तिचं चालू होतं.

मग लॅब्राडोरची तोफ. समुद्राकडे तोंड केलेली, आणि तिच्यात गोळा भरणाऱ्या शिपायांचे पुतळे. लेकीने एकाच्या पोटावर टिचकी मारली. "सोल्जर्स ऑल फेक वन!" नवरा हसला, पण मला दिसलं, त्याचा धीर सुटत चालला होता. ही सहल त्याने तिच्यासाठी काढली होती आणि ती त्याच्याशी अजून एकही वाक्य बोलली नव्हती.

फोर्ट कॅनिंगच्या पायऱ्या चढेपर्यंत तिघेही घामाने निथळलो होतो. वर इंग्रज गव्हर्नरच्या बंगल्याची जागा, एक छोटं दीपगृह आणि शेजारी खांबावर अडकवलेला मोठा गोळा. लेकीने तोंड वर करून बघितलं. "व्हॉट्स दॅट?"

नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघूनच विचारलं होतं. मी नवऱ्याकडे बघितलं.

"तो घड्याळाचा गोळा," नवरा म्हणाला. "पूर्वी रोज दुपारी ठरल्या वेळेला तो वरून खाली सोडायचे. बंदरातल्या सगळ्या बोटी दुर्बीण लावून वाट बघत असायच्या. गोळा पडला की घड्याळं जुळवायची."

"घड्याळ चुकलं तर?" लेकीने विचारलं. मराठीत, आणि त्याला.

"तर समुद्रात आपण कुठे आहोत तेच कळत नाही. वाटतं एकीकडे, असतो भलतीकडे."

मग तिचे प्रश्न संपेनात. गोळा कोण सोडायचं, पावसात दिसायचा का, तुमच्या बोटीवर आहे का. उतरताना ती त्याचा हात धरून चालत होती. मी मुद्दाम मागे राहिले.

संध्याकाळी ईस्ट कोस्टच्या वाळूवर तंबू लावला. खुंट्या वाळूत टिकेनात, तेव्हा नवऱ्याने बोटीवरच्या गाठी मारून दोऱ्या सुरूच्या झाडांना बांधल्या. शेजारी एक मलय कुटुंब निखाऱ्यांवर भाजत होतं. त्यांच्यातल्या आजींनी लेकीच्या हातात कोंबडीचे भाजलेले पंख ठेवले, मी त्यांना धपाटे दिले. अंधार पडू लागला तसे समोर नांगरावर असलेल्या बोटींचे दिवे लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बाबा, तुमची बोट पण इथे थांबते?"

"थांबते. मागच्या दिवाळीत दोन दिवस इथेच होतो. किनाऱ्यावर उतरायची परवानगी नव्हती. या बिल्डिंगांचे दिवे दिसत होते."

मी त्याच्याकडे वळले. मला तो फोन आठवला. दिवाळीत आवाज फार स्वच्छ येत होता, आणि तो म्हणाला होता, अजून लांब आहोत, समुद्रात आहोत.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? हिला घेऊन इथे येऊन उभी राहिली असतीस."

"राहिले असते."

मला राग आला होता आणि रडूही येत होतं. त्या दिवाळीत आम्ही दोघी घरात चकल्या खात बसलो होतो आणि हा इथे, नुसत्या डोळ्यांनी पोहोचता येईल इतक्या अंतरावर.

लेक तेवढ्यात टॉर्च घेऊन पाण्याजवळ गेली आणि बोटींच्या दिशेने उघडझाप करू लागली.

"अगं, बाबा इथे आहेत ना," मी म्हटलं.

"आत अदर पीपल्स बाबा आहेत, लाह," ती इथल्या पोरांसारखा हेल काढून म्हणाली.

नवरा उठून तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. कुठूनही उत्तर आलं नाही, तरी बॅटरी मंद होईपर्यंत दोघे तिथून हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या जागा बघायच्या होत्या, त्या राहूनच गेल्या. सकाळी नारळाच्या गोड जॅमचा कायाटोस्ट खाल्ला, दुपारपर्यंत पाण्यात खेळलो आणि केसांत वाळू घेऊन घरी आलो. महिनाभरात तो बोटीवर परत गेला.

किनाऱ्यावरची नोकरी मिळेपर्यंत त्याची बोट आणखी काही वेळा इथे नांगरावर आली. दर वेळी त्याने आधी कळवलं. मी ऑफिसातून लवकर निघून लेकीला घेऊन ईस्ट कोस्टला जायची. फोन कानाला लावून ती विचारायची, "बाबा, तुम्ही लाल दिव्याच्या बाजूला का?" तो म्हणायचा, त्याच्या मागे. त्याच्या मागे तर तीन बोटी असायच्या. मग त्यातली त्याची कुठली यावरून त्यांचं बराच वेळ भांडण चालायचं, आणि मी वाळूत बसून ते ऐकत राहायची.