नकाशापुढचं भाषण
नातीच्या शाळेत बाईंनी भिंतीवरचा जुना नकाशा उलगडला आणि मेणकापडाचा तोच वास आला. परभणीच्या शाळेत मी नववीत होते. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला चार-पाच वर्षं झाली होती. शाळेतल्या वादविवाद स्पर्धेचा विषय होता, दक्षिण अमेरिकेतल्या देशांना स्वातंत्र्य कुणामुळं मिळालं, उत्तरेकडून लढत आलेल्या सेनापतीमुळं की दक्षिणेकडून डोंगर ओलांडून आलेल्यामुळं? मी उत्तरेकडच्याची बाजू घेतली होती. नकाशापुढच्या सतरंजीवर पोरांचे आईबापही बसले होते. दक्षिणेकडच्याची बाजू मांडणारी मुलगी म्हणाली, सेनापती कुणीही असो, लोक उठले नसते तर काही झालं नसतं. मागून एक म्हातारे म्हणाले, "न्हाई पोरी, आपल्याला तर फौजेनंच सोडवलं." त्यावर माझे वडील उठले. "मग आमी सरहद्दीवरच्या कॅम्पात काय माशा मारायलो व्हतो का?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं तर निजामाशी लढा चालला होता त्या दिवसांत आम्ही सगळे राणीसावरगावला मामाकडं होतो. वडील मामाच्या शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या छपरात, लपून राहिले होते आणि त्यांची भाकरी मीच नेऊन द्यायचे. माझी पाळी आली तेव्हा मी नकाशापुढं जाऊन उभी राहिले आणि तशीच परत येऊन बसले. बक्षीस त्या मुलीला गेलं. घरी येताना वडील एवढंच म्हणाले, "सभेतलं आईला सांगू नको." मी सांगितलं नाही. आज शाळेतून परतताना नातीला हे सगळं सांगितलं, वडिलांचं आणि बक्षिसाचं तेवढं गाळून. तिनं विचारलं, "मग आजी, जिंकलं कोण?" मी म्हणाले, "मीच."